सोंगांची पेटी

आपणांपैकी पुष्कळांनी आयुष्यातले पहिले सोंग स्वतःला काही कळू लागण्यापूर्वीच घेतलेले असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या संध्याकाळी आपल्याला काळे झबले घालण्यात आले, गळ्यात हलव्याची माळ, दंडांवर हलव्याचे बाजूबंद, मस्तकी हलव्याचा मुकुट आणि हाती हलव्याचीच बासरी देण्यात आली, आणि पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि हरभरे ओतण्यात आले. त्या बोरन्हाणाचे छायाचित्र घरात असेल तर ते एकदा काढून पाहावे. बहुधा आपण त्यात रडत असतो. आणि रडत नसलो तर बासरी तोंडात असते, पण ती वाजविण्यासाठी नव्हे.

मुलांच्या वेशभूषेविषयी बोलताना मला या समारंभाची प्रथम आठवण होते, याचे कारण असे की त्या विषयाचे जवळजवळ सगळे शास्त्र या एका पोशाखात सामावलेले आहे. झबले साधे, घरचे, थंडीच्या दिवसांत ऊब धरणारे. बाकीचा सारा थाट म्हणजे साखर, दोरा आणि पुठ्ठा. तो कोणीतरी मावशी किंवा आत्या आदल्या रात्री जागून तयार करते. त्याचे ओझे होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो खाऊन संपविता येतो. मुकुट आणि बासरी या दोन खुणा दिसल्या की पाहणाऱ्याला बाळकृष्ण दिसतो. पीतांबर कोठे आहे असे कोणी विचारीत नाही.

हे शास्त्र मला जन्मापासून ठाऊक असावयास हवे होते. परंतु मी ते विसरलो, आणि त्याची झळ माझ्या मुलाला बसली.

मी सरकारी नोकर आहे; त्यामुळे दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलविणे हा आमच्या संसाराचा स्थायीभाव आहे. काही वर्षांपूर्वी नागपुराहून दिल्लीस आमची बदली झाली, तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. शाळेत चौदा नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी, विविध वेशभूषांची स्पर्धा होती. मराठी घरातला मुलगा, तोही परप्रांतात, तेव्हा त्याने शिवाजी महाराजच झाले पाहिजे असे मी ठरविले. ठरविले ते मी. त्याला कोणी विचारले नाही. पोशाख भाड्याने आणला. जरीच्या किनारीचा मखमली अंगरखा, जिरेटोप, कमरेला पत्र्याची तलवार आणि गोंदाने चिकटवावयाची काळीभोर दाढी. बोलावयाची चार वाक्ये मी लिहून दिली, आणि ती लिहिताना सहा वर्षांच्या मुलाची जीभ माझ्या ध्यानात राहिली नाही, एवढेच सांगतो.

जिरेटोप भुवयांपर्यंत उतरला. अंगरखा आतून टोचू लागला. पहिल्या वाक्यानंतर दुसरे आठवेना. तशात दाढी खाजू लागली, त्याने ती खाजविली, आणि ती एका बाजूने सुटून लोंबू लागली. मुले हसली. माझा मुलगा एका हाताने दाढी धरून दोन मिनिटे तसाच उभा राहिला, आणि मग रडू लागला. परत येताना वाटेत त्याने मला विचारले, "बाबा, महाराज कधी रडले असतील का?"

मला उत्तर देता आले नाही. रात्री विचार करता लक्षात आले की त्या साऱ्या प्रकारात पोशाख दुकानदाराचा होता, वाक्ये माझी होती, हौस माझी होती. मुलाच्या वाट्याला आली होती ती केवळ खाज.

पुढच्या वर्षी माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे राहावयास आली. संध्याकाळी ती नातवाला आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगे. त्यांत एके दिवशी वासुदेव आला. पहाटेच्या धूसर प्रकाशात गल्लीच्या तोंडाशी घुंगरांचा आवाज व्हावयाचा, मग मोरपिसांची उंच टोपी दिसावयाची, पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या, कमरेला पावा, खांद्याला झोळी. आणि तिची आई सुपातले मूठभर धान्य घेऊन दाराशी जावयाची. मुलाने प्रश्नांचा भडिमार केला. पिसे टोचत नाहीत का? दिवसा तो कोठे जातो? धान्य नाही दिले तर रागावतो का? तीन दिवस हे चालले आणि चौथ्या दिवशी त्याने जाहीर केले, "मला वासुदेव व्हायचंय."

श्रोतेहो, दिल्लीत, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरात वाढणाऱ्या मराठी मुलांची एक अडचण आपणांपैकी अनेकांच्या परिचयाची असेल. घरात मराठी बोलली जाते, शब्द कानांवर पडतात. पण त्या शब्दांमागच्या वस्तू डोळ्यांपुढे नसतात. चिपळ्या, उपरणे, कुंची, घोंगडी हे शब्द त्यांना ठाऊक असतात ते नुसत्या नादाने. आणि हे केवळ परप्रांतातच घडते असेही नव्हे. पुण्या-मुंबईच्या दहाव्या मजल्यावर तरी वासुदेव कोठून यावयाचा? अशा मुलाने उपरणे खांद्यावर घेतले, ते तीनदा घसरले आणि तीनदा सावरले, म्हणजे तो शब्द त्याचा स्वतःचा होतो. सोंगाचा हा उपयोग मला तोवर सुचला नव्हता.

आम्ही कामास लागलो. अंगरखा म्हणून माझा जुना पांढरा सदरा काढला. तो त्याच्या घोट्यापर्यंत आला. बाह्या लांब होत्या, त्या कापल्या नाहीत. आतून दुमडून धावदोरा घातला. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुलाच्या सोंगासाठी मोठ्यांचे वस्त्र कापू नये, दुमडावे. धावदोरा पाच मिनिटांत उसवतो आणि वस्त्र पुन्हा ज्याचे त्याला मिळते. टोपीसाठी चित्रकलेच्या जाड कागदाची निमुळती गुंडाळी केली. डोक्याचे माप सुताने घ्यावे आणि बोटभर जास्त धरावे. मात्र कडेला आतून मऊ कापडाची पट्टी लावावी, म्हणजे टोपी घसरत नाही आणि कपाळाला कागद लागत नाही. मोरपिसे आम्ही कागदाची केली. पिसांवरचे डोळे मुलाने दोन संध्याकाळी बसून रंगविले. ते सुमारे चाळीस होते आणि त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. दोन लाकडी पट्ट्यांवर बाटल्यांची झाकणे सैल ठोकून चिपळ्या केल्या. खिळ्यांची टोके वाकवून वर चिकटपट्टी लावली. उशीच्या अभ्र्याची झोळी झाली.

एवढे झाल्यावर आई म्हणाली, "आता ह्यांचं उपरणं काढ. तांबड्या काठाचं."

वडिलांचे ते उपरणे घरात नव्हते. नागपूर सोडताना शेवटच्या दोन दिवसांच्या धावपळीत जुन्या कपड्यांचे एक गाठोडे मी बोहारणीला दिले होते, त्यात ते गेले होते. त्या गाठोड्याच्या बदल्यात आलेले स्टीलचे पातेले आमच्या स्वयंपाकघरात आजही आहे. मी हे सांगितले तेव्हा आई "असू दे" एवढेच म्हणाली. दुपारी तिने आपल्या एका जुन्या लुगड्याचा तांबडा काठ उसविला आणि तो पंचाला शिवून उपरणे तयार केले. ती शिवीत असताना मी त्या खोलीत फार वेळ बसू शकलो नाही.

कचेरीत कागदांचे वर्ग असतात. काही कागद कायम जतन करावयाचे, काही ठराविक वर्षे ठेवावयाचे, आणि काही मुदत संपताच नष्ट करावयाचे. परंतु नष्ट करतानाही त्यांची नोंद होते, आणि ज्याचा अधिकार असेल त्याची संमती घ्यावी लागते. वीस वर्षे हे नियम पाळणाऱ्या मनुष्याने घरातले गाठोडे मात्र न उघडता, न विचारता निकालात काढले! तेव्हापासून आमच्या घरी कपड्यांना हेच नियम लागू झाले, आणि मुलांच्या कपड्यांना तर ते विशेषेकरून लागू पडतात असा माझा अनुभव आहे.

याचे कारण मुलांच्या वाढीत आहे. मूल पहिल्या वर्षात सुमारे 25 सेंटिमीटर उंच होते आणि त्याचे वजन जन्माच्या वेळच्या तिप्पट होते. पुढे दोन वर्षांपासून वयात येईपर्यंत ते दरवर्षी साधारण 5 ते 7 सेंटिमीटर वाढते. म्हणजे पहिल्या वर्षाची झबली-टोपडी दर तीन-चार महिन्यांनी अपुरी पडणार, हे आधीच ठरलेले असते. ती थोडीच असावीत. बारशाला आलेल्या कपड्यांतले मोठ्या मापाचे तेवढे मागे ठेवून बाकीचे वेळेवर वापरावेत. नाही तर घडी मोडण्यापूर्वीच ते आखूड होतात. पुढे मात्र आपल्याकडील 'वाढत्या अंगाचे' शिवण्याची रीत उत्तम. फक्त एक भेद करावा. खांदा आजच्या मापाचा असावा आणि वाढ लांबीत ठेवावी. खाली चार बोटे आतून दुमड घातली तर परकर किंवा विजार आणखी एखाद-दोन वर्षे चालते. खांद्यातच सैल असलेला सदरा मात्र मुलाला दिवसभर सावरीत बसावे लागते.

कपड्यांचे आम्ही चार वर्ग केले. पहिला, रोज लागणारे. हे मुलाच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर ठेवावेत, आणि वाचता न येणाऱ्या मुलासाठी फळीच्या कडेला सदऱ्याचे, विजारीचे, मोज्याचे चित्र चिकटवावे. मूल घड्या नीट घालणार नाही. पण आपला सदरा आपण काढण्याचा आणि ठेवण्याचा अधिकार त्याला मिळतो, आणि त्या अधिकारासाठी थोड्या वाकड्या घड्या सोसाव्यात. दुसरा वर्ग, पुढे लागणारे; म्हणजे मोठ्या मापाचे, आणि ऋतू पालटल्यावर काढावयाचे लोकरीचे कपडे. तिसरा, देण्याजोगे; हे धुऊन, गुंड्या लावून, धाकट्या भावंडांना किंवा गरजूंना द्यावयाचे. फाटके कपडे देऊ नयेत. फाटक्यांसाठी गोधडी आहे, आणि तिच्यात तुकडा कोणत्या सदऱ्याचा हे मुले वर्षानुवर्षे बोट ठेवून सांगतात. चौथा वर्ग, कायम जतन करावयाचे. यात प्रत्येक मुलाच्या एक-दोन वस्तूंहून अधिक काही असू नये. आणि तिसऱ्या वर्गात काहीही घालण्यापूर्वी ज्याचे वस्त्र असेल त्याला विचारावे. चार वर्षांच्या मुलालाही विचारावे. बहुतेक वेळा ते आनंदाने देते. क्वचित एखाद्या विटक्या सदऱ्याला घट्ट धरून बसते, तेव्हा त्याचे कारण आपल्याला समजले नाही तरी चालेल.

मागे ठेवावयाचे कपडे धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मगच पेटीत घालावेत. त्यांत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडी बांधून ठेवण्याची आपल्या आज्यांची पद्धत अजूनही चांगली. तान्ह्या मुलांच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नयेत. त्यांतल्या नॅफ्थलीनमुळे, शरीरात जन्मतःच एका विशिष्ट विकराची उणीव असलेल्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. अशी उणीव बाळाच्या चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

याखेरीज एक पाचवी जागा आमच्या घरी आहे. तिला आम्ही सोंगांची पेटी म्हणतो. मोठ्यांचे दोन पांढरे सदरे, एक खाकी सदरा, दोन ओढण्या, एक पंचा, एक काळी शाल, एक हलके जुने लुगडे, पांढरी टोपी, कानटोपी, सुतळीचा गुंडा आणि जुन्या लग्नपत्रिका, एवढाच तिचा संभार. परंतु तेवढ्यात अर्धे जग मावते. कारण सोंगाला सर्वांगाचे साम्य लागत नाही, खूण लागते. आपल्या रंगभूमीने हे दोन्ही मार्ग पाहिले आहेत. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने भरजरी शालू आणि उंची थाटमाट यांनी प्रेक्षकांचे डोळे दिपविले; आणि त्याच काळात कोकणातल्या दशावतारात एका साध्या बाकड्याचे सिंहासन होत होते. तमाशातला नट तर एक गिरकी घेतो आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पोचतो. मुलांचा जीव स्वभावतः या दुसऱ्या परंपरेतला आहे. त्याला बाकडे द्यावे. सिंहासन तो आपले आपण करतो.

म्हणून पोशाखाला आरंभ करण्यापूर्वी मुलालाच विचारावे, की या माणसाला लोक कशावरून ओळखतात? पोस्टमन खाकी सदऱ्यापेक्षा पिशवीतल्या पत्रांवरून ओळखला जातो. ती पत्रे मुलानेच लिहावीत, पत्तेही त्यानेच घालावेत. वारकऱ्याला पांढरी टोपी, गळ्यात माळ, कपाळी बुक्का आणि खांद्यावर पताका पुरे. सावित्रीबाई फुले व्हावयाचे तर साधे लुगडे आणि हातात पुस्तक. मात्र 1848 साली पुण्यात त्यांनी आणि जोतिरावांनी मुलींसाठी शाळा काढली, आणि शिकवावयास जाताना त्यांच्या अंगावर शेणमाती फेकली गेली, हे त्या मुलीला ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक असले म्हणजे ती पुस्तक निराळ्या तऱ्हेने धरते. हिरव्या ओढणीला कागदाची पाने टाचली की झाड होते, आणि झाडाला पाठांतर करावे लागत नाही, ही लाजाळू मुलांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

एका सोंगाविषयी मात्र माझे मन साशंक आहे. अशा स्पर्धांत भिकाऱ्याचे सोंग नेहमी दिसते. सदरा फाडला, तोंडाला काळे लावले, की टाळ्या पडतात. ज्या दैन्यातून सुटण्यासाठी माणसे जन्मभर धडपडतात, त्याचे सोंग घेऊन हसविण्यास आपण मुलांना शिकवू नये. सोंग ज्याचे घ्यावयाचे त्याच्याविषयी मनात थोडा आदर असावा. निदान कुतूहल तरी असावे.

काही पथ्ये थोडक्यात सांगतो. गळ्याभोवती नाडी किंवा दोरी बांधू नये. शाल किंवा झूल खांद्यावर ओढताच सुटेल अशा वेल्क्रोच्या पट्टीने अडकवावी. घोळ जमिनीवर लोळू देऊ नये, कारण जिन्यावर तो पायात येतो. मुखवट्यापेक्षा मोकळा चेहरा बरा. दाढी-मिशा सुतळीच्या कराव्यात आणि कानांवर अडकवाव्यात. गोंदाविषयीचा माझा अनुभव आपण ऐकलाच आहे. आणि दिवाळीत, पणत्यांच्या आसपास, सोंग नको. सैल कापड चटकन पेट घेते, आणि कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते.

आमच्या वासुदेवाला बक्षीस मिळाले नाही. तीन नावे पुकारली गेली, त्यांत त्याचे नव्हते. परंतु त्या दिवशी त्याला मी एकही वाक्य लिहून दिले नव्हते. त्याने समोरच्या मुलांना आपल्या हिंदीत सांगितले, की हा माणसांना पहाटे उठवतो, आणि याला मूठभर धान्य द्यायचे असते. एका मुलाने विचारले, अलार्म नसतो का? तो म्हणाला, "हाच अलार्म." मुले या वेळीही हसली, आणि या वेळी त्यांच्याबरोबर तोही हसला.

पुढच्या रविवारी सकाळी सहाच्या सुमारास मला जाग आली ती झाकणांच्या चिपळ्यांनी. तो पोशाख चढवून शेजारच्या बंगाली बिऱ्हाडाच्या दाराशी उभा होता. त्या काकूंनी दार उघडले, क्षणभर त्या टोपीकडे पाहिले, आणि काहीही न विचारता आत जाऊन मूठभर तांदूळ आणून त्याच्या झोळीत घातले. त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे. कदाचित झोळी पसरलेले मूल दिसले म्हणजे काय करावयाचे हे सांगावे लागत नसेल. आजीने ते तांदूळ त्या दिवशीच्या भातात घातले.

सोमवारी धावदोरा उसवून सदरा मला परत मिळाला. पट्ट्या, झाकणे, कागदी पिसे यथावकाश निकालात निघाली. उपरणे तेवढे धुऊन, घडी घालून चौथ्या वर्गात ठेवले आहे. त्यावर मुलाने आपल्या अक्षरात एक चिठ्ठी लावली आहे, 'आजीला विचारल्याशिवाय देऊ नये', आणि तिच्याखाली त्याने माझी सही घेतली आहे.